तपासले

रिटायर झाल्यावर गुप्तेसाहेबांनी
ना गिरनार केला, ना ब्रिज शिकले.
दांडिया बाजारच्या मागच्या खोलीत
वर्षभर सागाच्या पट्ट्या तासत बसले
आणि एक रशियन विनाशिका बांधली.
एकशे तेरा सेंटिमीटर. शंभरास एक.

मी त्यांची ट्रेसर. एकवीस वर्षं
त्यांच्या पेन्सिलीवरून माझी शाई गेली.
हातांना अजून अमोनियाचा वास येतो
अशी माझी समजूत आहे.
म्हणून बोलावणं मलाच आलं:
"हेमलताबाई, एक टोक धरायला या."

रिक्षात आडवी धरून नेली सुरसागरवर,
दिवे विझायचे होते.
वॉचमन म्हणाला, "काका, आ शुं छे?"
"लडाईनुं वहाण," साहेब म्हणाले,
आणि पायरीवर बसून पुढचं मला, मराठीतून:

आराखडा देखणा होता, बाई.
मुळात इटलीचा, उन्हातल्या समुद्राचा.
अडतीस नॉट वेग. चार तोफा, सहा टॉर्पेडो,
अंगावर गुंजभर जास्त नाही.
आणि धाडली कुठे, तर बर्फाच्या दारात.

नावं बघा यांची.
नुसती विशेषणं, नाम एकही नाही.
'क्रुद्ध' लढाईच्या दुसऱ्याच दिवशी
सुरुंगावर गेली, नाक तुटलं.
'निर्दोष' काळ्या समुद्रात
वेढा पडलेल्या शहराला माणसं पोचवत होती,
विमानांनी बुडवली.
निर्दोष!
मी बोल्टालासुद्धा हे नाव दिलं नसतं.

आणि एक होती 'चुराडा करणारी'.
तिला शत्रूनं हात लावला नाही.
उत्तरेला, नोव्हेंबरात, वादळात
एक लाट नाकाखाली, एक शेपटाखाली,
मध्ये काहीच नाही.
(चष्म्याचं घर त्यांनी दोन बोटांवर तोलून धरलं.)
पाठ मोडली.
मागचा तुकडा सुटला, त्यावरच्या माणसांसकट.
बाकीच्यांना दुसऱ्या जहाजांनी
पाण्यावर तेल ओतून, दोर फेकून
एकेक करून ओढून घेतलं.
काही शेवटपर्यंत तिच्यावरच राहिली.

"गणित चुकलं होतं?"
"गणित कुठे चुकतं, बाई."

मग आम्ही ती सोडली.
सुरसागरला सागर फक्त नावात,
निर्माल्याची एक पिशवी तेवढी हलत होती.
मी फळीनं पाणी थोपटलं, थोपटतच राहिले,
पदर भिजला.
ती डुलली, सरळ झाली, पुढे गेली.
मोडली नाही.
साहेब जरा हिरमुसलेच.

परतताना रिक्षात त्यांनी
खुमानसिंगचं नाव काढलं. बारा वर्षांनी.
ट्रान्सफॉर्मरच्या टाकीला उचलायचे चार कान,
नकाशा सी-तेरा-चाळीस, दुसरी आवृत्ती.
आम्ही काढले ते सरळ उचलण्यासाठी.
साइटवर उतार होता, क्रेन नव्हती,
त्यांनी साखळीनं तिरकं उचललं.
खुमानसिंग खाली होता.
चौकशी झाली. आमच्यावर काही आलं नाही.

नकाशाच्या कोपऱ्यात चार चौकटी असतात:
काढले. ट्रेस केले. तपासले. मंजूर.
त्या नकाशात दुसरीत माझी अक्षरं आहेत,
तिसरीत त्यांची.

साहेब गेले. विनाशिका आता माझ्याकडे,
मांजलपूरला, फ्रिजवर.
स्टँडखाली पितळी पट्टी आहे, चार चौकटींची.
दुसरीत मला न विचारता 'हे. दि.' कोरलंय.
तिसरी कोरी.
दिवाळीत धूळ पुसताना
मागच्या चिमणीपलीकडे
केसाएवढी फट लागते.
त्यांनी लांबी भरली नव्हती,
मीही भरलेली नाही.
फडकं दरवेळी तिथंच अडकतं.